गठ्ठ्यातला तिसरा कपडा

शिवणघरात त्यांना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'कात्री'. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कात्रीला कुणी उगाच बोट लावायला जात नाही.

शिवणघर म्हणजे तीन खोल्या. पहिलीत मशिनी आणि मशिनींवर वाकलेल्या बायका, मधलीत घडी घालणं आणि बांधाबांध, आणि शेवटच्या, दार लागणाऱ्या खोलीत कटाईचं लांबलचक टेबल. शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या रुग्णांचे निळ्या रेघांचे झगे आणि पायजमे इथे शिवले जात. कापड इस्पितळाचं, शिलाई यांची. कपडे शिवून झाले की उरलेलं कापड घडी करून परत जाई. अशा एकेका खेपेला सगळे 'गठ्ठा' म्हणत.

शेवटच्या खोलीत बाईंचे यजमान कापायला बसत. त्यांना घरातले-बाहेरचे सगळे 'मास्तर' म्हणत, बाईसुद्धा. मास्तर कापताना दार लावून घेत. "कुणी बोललं की कात्री वळते," असं त्यांनी लग्नाच्या वर्षी एकदा सांगितलं, आणि त्यानंतर बाईंनी कटाईच्या वेळी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. एका झग्याला किती कापड लागतं, हेही मास्तर कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "माप हातात असतं, तोंडात नसतं." कापडाच्या थरावर थर घालून एकदम कापायचं, एकाच्या बाहीशेजारच्या फटीत दुसऱ्याचा खिसा बसवायचा, अशी त्यांची रीत. नुसत्या फर्म्याला, कापायच्या कागदी नमुन्याला, पट्टी लावून तिचा थांग लागत नसे. बाईंनी तो नाद कधीच सोडला होता. नवरा मुका नाही, नुसता गप्प आहे, यातच बाईमाणसानं सुख मानावं, असं त्या शेजारणींना सांगत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग इस्पितळाच्या भांडारात नवा माणूस आला. नवा झाडू कोपरे जास्त उकरतो. त्यानं निरोप धाडला की दुसऱ्या एका शिवणघराला एवढ्याच कपड्यांना कमी कापड पुरतं. तुमच्याकडे दर गठ्ठ्यात थोडं थोडं कुठेतरी जिरतं. असंच चाललं तर काम तिकडे जाईल.

"जिरायला ते काय पाणी आहे?" बाई म्हणाल्या. "कापड पायांनी चालत जात नाही. कुणाच्या तरी काखेतून जातं."

आणि त्यांची नजर सुनेवर गेली.

सून घरात येऊन वर्ष व्हायचं होतं. शिकलेली, कामाला चटपटीत, खोड म्हणाल तर एकच: उलट उत्तर देताना तिचा आवाज चढत नसे. भांडताना आवाज न चढवणाऱ्या माणसाचा बाईंना भरवसा वाटत नसे. त्यातून तिच्या माहेराहून कुणी ना कुणी येई आणि जाताना हातात पिशवी असे.

"तुझ्या माहेरी सध्या निळ्या रेघांची फॅशन आहे म्हणे," बाईंनी भाजी चिरता चिरता विषय काढला.

सुनेला कळायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "आई, पिशवी उघडून बघत जा ना. माझी हरकत नाही."

"उघडून बघायला मी काय नाक्यावरचा शिपाई आहे?"

"मग मोजून बघू. एका झग्याला किती लागतं आणि एका पायजम्याला किती, हे कळलं की कुठल्या गठ्ठ्यात किती जास्त गेलं ते आपोआप कळेल."

"मास्तर मला सांगत नाहीत, तुला सांगतील होय? तू कोण मोठी लागून गेलीस?"

"त्यांना विचारायचंच नाही. कापड सांगेल."

तिनं खडू घेतला आणि मधल्या खोलीच्या फरशीवर बसली. बाई चिरायची सुरी घेऊनच तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. मशिनीवरच्या बायकांनी पाय थांबवले नाहीत, पण कान इकडे टाकले.

या घरात कापड मीटरनं मोजत नसत. बाईंच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कापलेली एक लाकडी पट्टी होती, तो घराचा 'हात'. आलेला तागा त्या हातानं मोजायचा, उरलेलं मोजायचं, बाकी राहील ते लागलेलं. सुनेनं लिहिलं: आधीच्या गठ्ठ्यात दहा झगे, दहा पायजमे, कापड लागलं ब्याण्णव हात. त्यानंतरच्यात वीस झगे, पंधरा पायजमे, लागले एकशे बासष्ट.

"दोघं एकदम बोलत असतील तर कुणाचंच कळत नाही," ती म्हणाली. "झगा पण बोलतोय, पायजमा पण बोलतोय. म्हणून एकाला गप्प करायचं. पहिला गठ्ठा दुप्पट धरू. म्हणजे वीस झगे, वीस पायजमे, एकशे चौऱ्याऐंशी हात. आता झगे दोन्हीकडे वीस-वीस झाले. एकातून दुसरा वजा केला की झगे गेले. उरले नुसते पाच पायजमे, आणि बावीस हात."

"गेले म्हणजे कुठं गेले?"

"कुठं नाही. दोन्हीकडे सारखे होते, म्हणून गेले. शाळेत याला लोप करणं म्हणतात."

"शाळा कशाला हवी त्याला," बाई म्हणाल्या. "एकाला गप्प केलं की दुसऱ्याचं ऐकू येतं, हे मी लग्न झाल्यापासून करतेय."

मशिनीवरून कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

पायजम्याला चार हात आणि वर वितीला थोडं कमी, असं उत्तर निघालं. ते परत पहिल्या गठ्ठ्यात घातलं, तर झगा पाच हातांना चारपाच बोटं कमी. बाईंनी भुवया चढवल्या. "पायजमा झग्याच्या बरोबरीला आला? हत्तीचा आहे का?"

सुनेलाही ते खटकलं होतं, पण तिनं मान हलवली नाही. "पुढच्या गठ्ठ्यात ताळा घेऊ. वीस झगे, दहा पायजमे आहेत. माझ्या हिशेबानं एकशे चाळीस हात लागायला हवेत. तितके लागले तर कुणी काही नेलं नाही."

"आणि जास्त लागले तर?"

सुनेच्या आधी बाईच बोलल्या. "तर माहेर. पिशवी घेऊन."

*

पुढचा गठ्ठा शिवून झाला. बाईंनी उरलेलं कापड स्वतः मोजलं, सुनेच्या डोळ्यांदेखत. एकशे बेचाळीस हात लागले होते.

"दोन हात," बाई म्हणाल्या. "तुझ्याच हिशेबानं तुलाच धरलं. मला तर आकडेमोड येत नाही बाई, मी अडाणी."

मुलगा बांधलेला गठ्ठा खांद्यावर घेऊन निघाला होता. तो दारात थांबला. "आई, ती तसली नाही."

"तू मध्ये पडू नकोस. तू झगा की पायजमा ते अजून ठरायचंय. उद्या दुपारच्या बसनं हिला सोडून ये."

मुलानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं फरशीकडं. त्या घरात बाईंचा शब्द खाली पडत नसे. पडला तरी कुणी उचलून परत त्यांच्या हातात देत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मधल्या खोलीत आल्या तर सून पुन्हा फरशीवर. शेजारी कपड्यांची पिशवी, अर्धी भरलेली. फरशी आकड्यांनी पांढरी झाली होती.

"जायच्या आधी फरशी पुसून जा," बाई म्हणाल्या.

"आई, मी चुकले. गठ्ठ्यात दोनच कपडे असतात असं मी धरूनच चालले होते. तिसरं काही असेल तर?"

"तिसरं काय असणार? इस्पितळ दोनच मागतं."

"मागत असेल. मी फक्त म्हणते, असेल तर. ऐका ना. शेवटचे दोन गठ्ठे घ्या. झगे दोन्हीत वीस. वजा केले, गेले. तिसरं जे काही आहे ते दोन्हीत सारखं असेल, तर तेही त्याच वजाबाकीत जातं. उरले पाच पायजमे आणि वीस हात. पायजम्याला सरळ चार."

बाई ऐकत होत्या. चार हे उत्तर त्यांना पटलं. मास्तरांची कात्री बोटाबोटानं अडखळणारी नव्हती.

"आता हा शेवटचा आणि पहिला. पायजमे दोन्हीत दहा. वजा केले. उरले दहा झगे, पन्नास हात. झग्याला पाच. आता हे घेऊन परत पहिल्या गठ्ठ्यात चला. दहा झग्यांचे पन्नास, दहा पायजम्यांचे चाळीस. नव्वद झाले. लागले होते ब्याण्णव. दुसऱ्यात जा, एकशे साठ व्हायला हवे, लागले एकशे बासष्ट. तिसऱ्यातही दोनच जास्त." तिनं खडू खाली ठेवला. "परवा मी पहिला गठ्ठा दुप्पट केला ना, तेव्हा न कळत त्यालाही दुप्पट केलं. एकाचे दोन झाले. तिथं फसले. ते सगळीकडे आहे, आई, म्हणूनच दिसत नाही. जे प्रत्येक ओळीत सारखं बसलेलं असतं, ते प्रत्येक वजाबाकीत निघून जातं."

खोलीत मशिनींचा आवाज होता तरी बाईंना तो लांबून आल्यासारखा वाटला.

"चोर असं करत नाही," सून म्हणाली. "चोर मोठ्या गठ्ठ्यातून जास्त नेईल, लहानातून कमी. हे दर गठ्ठ्याला बरोबर दोन हात जातात. म्हणजे दर वेळी कुणीतरी एकच कपडा कापतंय. दोन हातांत काय होतं?"

दोन हातांत काय होतं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. नुसतं कापड हातावर घेऊन ते कुणाच्या अंगाला पुरेल हे सांगणारी बाई होती ती. दोन हातांत मोठ्या माणसाचं काही होत नाही. होतो फक्त एक झगा, घोट्यापर्यंतचा, चार वर्षांच्या मुलीचा.

या घरात मुलाला आईबाप 'धाकटा' म्हणत. थोरलं कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. थोरली मुलगी होती. तापानं फणफणली आणि त्याच इस्पितळात निजली. गळ्याशी काही टेकलं की ती कासावीस व्हायची, इस्पितळाचा मोठ्यांचा झगा तिच्या अंगावर पोत्यासारखा व्हायचा. म्हणून बाईंनी घरी येऊन स्वतःच्या हातानं कापडावर खडूनं तिचं माप आखलं होतं, गळा चांगला रुंद ठेवला होता. मास्तरांनी कापलं. झगा शिवून झाला तेव्हा तो घालणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाईंनी तिची खेळणी, कपडे, भिंतीवरची तसबीर, सगळं घराबाहेर काढलं आणि सांगितलं, हे नाव या घरात पुन्हा कुणी घ्यायचं नाही. कुणी घेतलंही नाही. घर चालू राहिलं. त्या शहाणपणाचा बाईंना अभिमान होता. रडणाऱ्या बायका त्यांनी खूप पाहिल्या होत्या. त्यांचं शिवणकाम वाकडं जाई.

"आई?"

"पिशवी बंद कर," बाई म्हणाल्या. "बस चुकेल."

सून उठली. तिनं ओलं फडकं आणून फरशी पुसली, कोपऱ्यातला शेवटचा 'दोन'सुद्धा. बाई पाहत राहिल्या. पोरीनं काही घेतलेलं नाही, हे त्यांना आता फरशीइतकं स्वच्छ दिसत होतं. पण तसं म्हणायचं तर पुढचं विचारणं आलं, आणि पुढचं सांगणं आलं. त्यापेक्षा एक सून माहेरी गेलेली परवडली. कुणाच्या घरातून जात नाहीत?

तरी पायात चपला सरकवून त्या बाहेर पडल्या.

*

इस्पितळाचे गठ्ठे नेहमी मुलगाच पोचवी. बाईंनी त्या इमारतीवरून जाणारा रस्तासुद्धा टाकला होता. बाजाराला जायचं तर लांबच्या वळणानं जात. आज त्या मागच्या दारानं शिरल्या. फिनेलचा वास तोच होता.

कपडेखोलीत एक जाडशी बाई चादरींच्या घड्या लावत होती. शिवणघराचं नाव सांगताच ती हातातलं काम टाकून उठली. "अगोबाई, तुम्हीच होय? बसा. तुमचा तो धाकटा गुणी आहे हो. बोलत नाही, पण गाठ काय मारतो, सोडवताना नख तुटतं."

"गठ्ठ्यात काय काय येतं, तेवढं सांग."

"झगे, पायजमे. आणि तो छोटा."

"कुठला छोटा?"

ती जाडी बाई हसली. "आता मलाच विचारता? चिठ्ठीवर नसतो तो. मोजून झालं की तळाशी एक निघतो. मी मुलांच्या वॉर्डात देऊन टाकते. माझ्या आधीची बाई सांगून गेली होती, त्या घरचा एक छोटा झगा येतो, विचारायचं नाही, घालायचा कुणाला तरी. मी म्हटलं नवस-बिवस असेल एखाद्याचा. तुमच्याबद्दल ऐकून होते, म्हणून विचारायची हिंमत केली नाही. रागावू नका."

मागच्या अंगणात कपडे वाळत होते. मुलांच्या वॉर्डाची दोरी अगदी टोकाला. तिच्यावर छोटे झगे ओळीनं टांगलेले, काही धुऊन धुऊन पांढरे पडलेले, काहींच्या रेघा अजून निळ्या. सगळे एकाच मापाचे. एकही बोटभर मोठा नाही, एकही बोटभर लहान नाही. वारा आला की सगळे एकदम पोटातून फुगत आणि एकदम रिकामे होत. बाईंनी जवळच्याचा गळा हातात धरून पाहिला. रुंद होता, इतका की दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या खांद्यावरून घसरला असता.

परत येताना त्यांनी लांबचं वळण घेतलं नाही. रस्ताभर त्यांच्या मनात एकच चाललं होतं: हे मास्तरांनी माझ्यापासून लपवलं. शिवणाऱ्या बायका शिवत होत्या, बांधणारा बांधत होता, इस्पितळातली जाडी घालत होती, आणि माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवणघरात पाय टाकल्या टाकल्या त्यांनी पहिल्या मशिनीवरच्या जुन्या बाईला विचारलं, "छोटा झगा कोण शिवतं?"

मशीन थांबली. "ज्याच्या ढिगात येईल ती. तुमचंच सांगणं असेल असं वाटलं, बाई."

"मग मला कुणी विचारलं का नाही?"

म्हातारी सुईत दोरा ओवायला लागली. ओवलेलाच होता तो. "तुम्हाला कोण विचारणार?" ती म्हणाली.

*

शेवटच्या खोलीचं दार लागलेलं होतं. बाईंनी ते ढकललं. मास्तर नवा तागा टेबलावर पसरत होते. त्यांची नजर अलीकडे अधू झाली होती, कापडावरून ते डोळ्यांनी कमी आणि तळहातानं जास्त फिरत. बायकोची चाहूल लागताच त्यांनी कात्री उचलली नव्हती तरी खाली ठेवल्यासारखं केलं.

"अहो," बाई म्हणाल्या. "तो छोटा झगा."

मास्तरांनी कापडावरची एक सुरकुती तळहातानं सपाट केली.

"बोलायचं नाही असं तुझंच ठरलं होतं," ते म्हणाले. "मी बोललो नाही. तू आखत गेलीस, मी कापत गेलो. चाललंय तसं चालू दे."

"मी काय आखत गेले?"

"रेघ."

"कुठली रेघ?"

मास्तरांनी मान वर केली. "कापड पसरून मी चहा घ्यायला जातो. परत येतो तेव्हा कोपऱ्यात खडूची रेघ असते. झग्याची. रुंद गळ्याची. तो गळा तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"मी या खोलीत येत नाही."

"मी असताना येत नाहीस."

"तुम्ही नसतानाही येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कात्री नव्हती. "कशाला येऊ? मी कधीच आले नाही."

मास्तरांचा हात टेबलाच्या कडेनं हळूहळू सरकत अलीकडच्या कोपऱ्याकडं गेला आणि थांबला. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"आत्ताच पसरलंय," ते म्हणाले. "चहाला अजून गेलोसुद्धा नाही."

बाई पुढं झाल्या. कोपऱ्यात, टेबलाच्या अगदी कडेशी, जेवढं आत लहान हात पोचेल तेवढ्याच जागेत, झगा आखलेला होता. खडूची भुकटी रेघेवर अजून बसली नव्हती, श्वास लागला तर उडाली असती. बाह्या होत्या, घेर होता, आणि रुंद गळा होता. पण रेघ सरळ नव्हती. जागोजागी तुटलेली, परत जोडलेली, थरथरत गेलेली.

"ही रेघ माझी नाही. बघा तरी. माझी रेघ अशी जाते का?"

"मला आता दिसत नाही. बोटाला लागते तेवढीच," मास्तर म्हणाले. "आधी दिसायची तेव्हाही अशीच असायची. मला वाटायचं, आखताना तू रडतेस, म्हणून हात हलतो. म्हणून तर मी कधी विचारलं नाही. कापताना सरळ करून घ्यायचो."

बाईंनी टेबलाची कड धरली. इतकी वर्षं हा माणूस भिंतीपलीकडं बसून, आपली बायको चोरून रडते असं समजून, तिच्या रडण्यावरून कात्री चालवत होता. आणि त्या रडल्याच नव्हत्या. एकदाही नाही. त्यांनी वजा केलं होतं, सगळीकडून सारखं, आणि जे सगळीकडून सारखं वजा होतं ते प्रत्येक ओळीत बसून राहिलं होतं.

"आई, निघते मी."

सून दारात उभी होती. हातात पिशवी, मागं धाकटा, त्याचं तोंड पडलेलं. ही खोली उघडी तिनं आजवर पाहिलीच नव्हती, म्हणून ती उंबऱ्यापाशीच थांबली.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. सांगितलं नाही तर आता, या क्षणी, ही जाणार होती. मागून मुलगाही कधीतरी जाणार होता, तो झगा की पायजमा ते ठरवून. मग या घरात रेघ आखणारी आणि रेघ कापणारा, एवढेच उरणार होते.

"ती पिशवी खाली ठेव," त्या म्हणाल्या.

"बस चुकेल ना."

"चुकू दे. मी ती पिशवी उघडून बघितली नाही. बघायला लागत नव्हतं." यापेक्षा जास्त माफी त्या घरात कुणी कुणाला मागितलेली नव्हती. सुनेनं पिशवी खाली ठेवली.

"कळलं का, तिसरा कपडा कुणाचा ते?" तिनं विचारलं.

"कळलं. तुझे सासरे कापतात."

"कुणासाठी?"

मास्तरांनी मान खाली घातली. धाकटा पुढं आला आणि त्यानं टेबलावरचा कोपरा पाहिला. तो छोटा झगा आईचंच सांगणं समजून, काही न विचारता तो दर खेपेला तळाशी बांधत आला होता.

"तुझ्या नणंदेसाठी," बाई म्हणाल्या.

सून नवऱ्याकडं वळली. त्याचा चेहरा तिच्याइतकाच कोरा होता. ती पुन्हा बाईंकडं वळली. होती का, कधी, कशानं, असलं तिनं काही विचारलं नाही. तिचा आवाज आताही चढला नव्हता, आणि पहिल्यांदाच बाईंना त्याचा भरवसा वाटला.

"मोठ्या की यांच्या पाठच्या?"

"मोठी. याच्यापेक्षा मोठी."

"मग मी त्यांना वन्संच म्हणायचं," सून म्हणाली. "नाव काय वन्संचं?"

बाईंनी नाव घेतलं. दोनच अक्षरं होती. जीभ विसरली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती अक्षरं तोंडात अशी आली जशी मघाशीच कुणाला तरी हाक मारून झाली असावी. पहिल्या खोलीतल्या मशिनी एकामागून एक बंद पडल्या. मास्तर स्टुलावर बसले.

"भांडारवाल्याला सांगायचं," बाई धाकट्याला म्हणाल्या, "यापुढं चिठ्ठीवर तीन कपडे लिहीत जा म्हणावं. नाही लिहिलं तर मी येते म्हणून सांग."

तो हो म्हणाला. सून टेबलाजवळ येऊन रेघेवर वाकली होती. तिनं हात मागं बांधले होते, खडूला धक्का लागू नये म्हणून.

"किती लहान माप आहे," ती म्हणाली. "केवढ्या होत्या हो वन्सं?"

"एवढी," बाई म्हणाल्या, आणि सांगताना कुणीही दाखवतं तसा त्यांनी तळहात पालथा करून जमिनीपासून कमरेच्या थोडा खाली, हवेत धरला.

मग त्यांना तो हलवता येईना. दारातून वारा येत नव्हता. सून वाट पाहत होती, मास्तर ऐकत होते, आणि बाई तशाच उभ्या होत्या, किंचित वाकून, हात अगदी हलका ठेवून, कारण तळव्याखाली केस होते, तापाच्या घामानं ओले, आणि ते डोकं हळूच वर होऊन त्यांच्या हाताला टेकत होतं.